चावीचे खाते

प्राथमिक शाळेत एकाच शिक्षकाला सगळे विषय शिकवावे लागतात. तरीही प्रत्येकाचा एक विषय मनाने निवडलेला असतो. कोणी गुणाकारात रमतो, कोणी कवितेला चाल लावण्यात. मी नागरिकशास्त्रात रमलो. हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि सहानुभूतीने विचारतो, "दुसरं काही मिळालं नव्हतं का?"

त्याचाही दोष नाही. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पाणी, पिके, प्राणी आणि नकाशे असे सगळे मानाचे पाहुणे जेवून उठले की मग आमची पंगत बसते: आपली ग्रामपंचायत, आपले हक्क, आपली कर्तव्ये, सार्वजनिक मालमत्ता. तिथवर पोहोचेपर्यंत तूर काढायला आलेली असते आणि निम्मा वर्ग शेतात असतो. उरलेल्या निम्म्यांना शिक्षक सांगतो, "हे सोपं आहे, घरी वाचा." अशा रीतीने आपल्या देशात बहुतेकांनी नागरिकत्व घरी वाचलेले आहे.

या विषयाची खरी अडचण वेगळीच. पानाचे भाग शिकवायचे असतील तर झाडाचे पान तोडून वर्गात आणता येते. सरपंच तोडून आणता येत नाही. आमचे प्रयोगसाहित्य वर्गाबाहेर असते, जिवंत असते आणि बहुधा पहिल्या बाकावरच्या मुलाचे काका असते.

माझी शेवटची बदली झाली ते गाव आसेगावच्या फाट्यावरून आत गेल्यावर लागते. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती गावाची नसून माझी आहे. पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक, तीन खोल्या, अंगणात एक चिंच आणि एक हातपंप. सहकारी शिक्षक पहिली-दुसरी सांभाळत, मी वरचे तीन वर्ग आणि मुख्याध्यापकपण. तिसरे माणूस म्हणजे शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या गोदाबाई. मुले त्यांना गोदाकाकू म्हणत. त्यांचे काम खिचडी शिजवणे आणि अधिकार सर्वांवर. माझ्यावरही.

पहिल्याच महिन्यात मी चौथीला विचारले, "ग्रामपंचायतीचा प्रमुख कोण असतो?"

गजू नावाचा मुलगा उभा राहिला. हा मुलगा उत्तर येत असो वा नसो, उभा राहत असे. तो म्हणाला, "सर, सही करते तो का बोलते तो?"

मी विचारले, "म्हणजे?"

"सही काकू करते. बोलते काका. कोन लिवू पेपरात?"

पाठ टाचणात या प्रश्नाची सोय नव्हती. मी म्हणालो, "पेपरात काकूंचं नाव लिही."

"अन् नळ आला नाही तं कोनाले सांगू?"

वर्ग हसला आणि मी घंटेकडे पाहिले.

दुसऱ्या एका दिवशी मी सार्वजनिक मालमत्तेची व्याख्या विचारली. तिसरीतल्या एका मुलाने चटकन सांगितले, "जे कोनाच्याच बापाचं नाही ते." मी समजावले, "नाही बाळ, जे सगळ्यांच्या बापाचं आहे ते." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मंग तं लय भांडनं होतीन सर." हे उत्तर चूक ठरवण्याइतके नागरिकशास्त्र मला तेव्हाही येत नव्हते, आजही येत नाही.

माझा स्वभाव नियमांचा. कोणत्याही शाळेत रुजू झालो की आठवड्याच्या आत भिंतीवर नियमावली लागे. चपला कोठे काढाव्यात, ताटे कोणत्या क्रमाने धुवावीत, हातपंपावर एकाने दांडा हलवताना दुसऱ्याने कोठे उभे राहावे, हे सर्व मी सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवत असे. या शाळेत एक गोष्ट मला अभिमानाची वाटे. आवाराच्या कोपऱ्यात मुलींसाठी एक आणि मुलांसाठी एक, अशी दोन पक्की स्वच्छतागृहे होती. पांढऱ्या फरश्या, लोखंडी दारे, वर पाण्याची टाकी. सुटीच्या दिवसांत गावातले लोक ती घाण करतात, असे आधीच्या मुख्याध्यापकांनी कार्यभार देताना सांगितले होते. म्हणून मी दोन्हींना कुलूप घातले आणि चाव्या माझ्या कमरेच्या जुडग्यात अडकवल्या. नियम असा केला: ज्याला गरज असेल त्याने माझ्याकडे चावी मागावी. 'स्वच्छतागृह तपासणी नोंदवही'त मी रोज एक शब्द लिहीत असे: 'स्वच्छ'. तो शब्द खोटा नव्हता. ज्या खोलीत कोणी जातच नाही, ती स्वच्छ ठेवणे अवघड नसते. एवढेच मला सुचले नव्हते.

मुलगे कुंपणापलीकडे जात. खरे सांगायचे तर आम्ही दोघे शिक्षकही कुंपणापलीकडेच जात होतो. एकदा, अगदी सुरुवातीला, चौथीतल्या एका मुलीने तासाला उठून चावी मागितली होती. शिक्षकाला प्रश्न विचारायची सवय असते, मी विचारले, "कशाला?" वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर कोणीही चावी मागितली नाही आणि नियम उत्तम चालला आहे, असे मी समजलो.

आता प्रज्ञाबद्दल.

प्रज्ञा पाचवीत होती. नाल्याच्या पलीकडे बौद्धवाड्यात राहायची. वडील एका दुकानावर कामाला वाशीमला जात, आई मजुरीला, घरी आजी आणि दोन वर्षांचा भाऊ. या मुलीला गणितातली आकृती एकदा दाखवावी आणि बाजूला व्हावे. त्या वर्षी, म्हणजे तिथल्या माझ्या दुसऱ्या वर्षी, मी दुपारी तीन वाजता शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास घेत होतो. निवडक मुलांची यादी केली होती. पहिले नाव प्रज्ञाचे होते. शिष्यवृत्ती मिळेल की नाही ते पुढचे. पण या शाळेतून कोणी त्या परीक्षेला नीट तयारीने बसलेलेच नव्हते, आणि ती बसावी असे मला मनापासून वाटत होते. तिला तर माझ्याहून जास्त वाटत होते.

आणि ही मुलगी खिचडी खाऊन झाली की घरी जायची ती परत यायचीच नाही.

कारण मला आज ठाऊक आहे, म्हणून वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. शाळेतल्या मोठ्या मुली सकाळपासून पाणी पीत नसत आणि मधल्या सुटीत घर गाठत. गावातल्यांची घरे शंभर पावलांवर होती. त्या जाऊन येत. प्रज्ञाचे घर नाला ओलांडून, बांधाने वळसा घालून होते. घरी पोहोचली की आजी म्हणे, "आली ना? मंग पाह्य जरा याले, मी सरपन आनतो." भाऊ मांडीवर यायचा आणि तीन वाजायचे.

जादा तासाचा माझा नियम होता: सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी. नवव्या दिवशी मी पट्टी ठेवून लाल शाईने तिचे नाव खोडले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'सतत गैरहजर'.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलापाशी आली. "सर, माहं नाव लिवा ना परत."

"दुपारी का थांबत नाहीस?"

तिने यादीतल्या लाल रेघेवर बोट ठेवले.

"कारण सांग. कारण योग्य असेल तर लिहितो."

तिने जुडग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि बाकावर जाऊन बसली. मला वाटले, कारण नसणार.

त्याच सुमारास शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हे आमच्या विषयाचे प्रात्यक्षिक. मुले अर्ज भरतात, प्रचार करतात, मतदान करतात. मग मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री वगैरे होतात. मी तयारी जय्यत केली होती. खोक्याच्या पुठ्ठ्याचा आडोसा, मोबाईलवर मतदान यंत्र, बटण दाबले की लांब 'पीऽऽ' असा आवाज, बोटाला लावायला वाशीमहून आणलेले शाईचे पेन. अर्ज भरायच्या दिवशी मी टेबल मांडून बसलो. अर्ज आले, पण प्रत्येक खात्याला बरोबर एकच.

"बाकीचे उमेदवार कुठे आहेत?" मी विचारले.

गजू म्हणाला, "बाकीचे नाही सर. आमी चिचेखाली बसून मिटवलं."

"काय मिटवलं?"

"इलेक्शन. कायले भांडनं? गावातबी तसंच करते. मोठे मानसं बसते, नावं ठरवते, अविरोध होते."

गावाची ही रीत मला माहीत होती. तिचा गावाला अभिमानही होता. मुलांनी नागरिकशास्त्र घरीच वाचले होते, आणि चांगले वाचले होते. मुख्यमंत्रीपद ज्याची बॅट होती त्याला, क्रीडामंत्रीपद ज्याचा चेंडू होता त्याला, भोजनमंत्रीपद गोदाकाकूंच्या पुतणीला. स्वच्छतामंत्री गजू.

"तुला स्वच्छता आवडते?" मी विचारले.

"नाही सर. मी बैठकीले उशिरा गेलो, तं तेच उरलं होतं."

मी पुठ्ठ्याच्या आडोशाकडे पाहिले. लोकशाहीची एवढी तयारी आणि मतदारांना तिची गरज नाही! तेवढ्यात प्रज्ञा आली आणि तिने अर्ज ठेवला. खाते: स्वच्छता. निशाणी: चावी. निशाण्या मुलांनीच काढायच्या होत्या. तिने वहीच्या पानावर चांगली दात्यांची चावी काढली होती. मी म्हणालो, "छान, घरगुती निशाणी आहे." माझ्या आकलनशक्तीची ही पातळी नोंदवून ठेवावी.

चिंचेखालच्या पुढाऱ्यांत खळबळ उडाली. मुख्यमंत्र्याने गजूला सांगितले, "घे ना बे मांगं. तुले तसंबी नको होतं."

गजू म्हणाला, "नको होतं. पन आता पोरगी मांगून राह्यली तं कायले देऊ? आता मले पाह्यजेच."

अशा रीतीने गजू नको असलेल्या खात्यासाठी जिवाच्या आकांताने लढू लागला. त्याचा प्रचार मी ओट्यावरून ऐकला. "मी निवडून आलो तं कोनालेच झाडू माराले लावनार नाही! कचरा जथी हाय तथीच राहीन!" टाळ्या पडल्या. एवढे स्पष्ट आश्वासन मी मोठ्यांच्या निवडणुकीतही ऐकलेले नाही. प्रज्ञा भाषण करत नव्हती. ती हातपंपावर मुलींच्या जवळ जाऊन हळूच एकच वाक्य बोलत होती: "दुपारी घरी जा लागनार नाही." मुली मान हलवत. मुलांना वाटले, ही शाळा वाढवून मागते आहे, आणि त्यांची मते गजूकडे आणखी घट्ट झाली.

प्रचार चालू असतानाच प्रज्ञाची आजी शाळेत आली. पांढरे पातळ, हातात काठी, आणि आवाज वर्गापर्यंत पोहोचेल असा.

"गुर्जी, नातीले झाडूचं खातं देऊन राह्यले म्हन्ते तुमी?"

मी खुर्ची पुढे केली. आजी बसल्या नाहीत.

"आमच्या सासऱ्यानं झाडू खाली ठिवला तो ठिवलाच. मंग पोरं शायेत घातले. अन् तुमी शायेतच तिच्या हाती झाडू द्या! बाकीचे खाते सरले काय?"

मी म्हणालो, "मी दिलं नाही आजी. तिनंच अर्ज भरला."

आजी वर्गाच्या दाराकडे वळल्या. "काय व? तुले क्रीडा बिडा भेटलं नाही?"

प्रज्ञा बाहेर आली. इतर मुली दारात गोळा झाल्या. ती म्हणाली, "आजी, ते झाडूचं खातं नाही. चावीचं हाय."

आजींनी नातीकडे पाहिले, कोपऱ्यातल्या कुलपाकडे पाहिले, मग माझ्या कमरेच्या जुडग्याकडे पाहिले. तीन ठिकाणे पाहून त्यांना जे दोन क्षणांत कळले, ते मला वर्षभरात कळले नव्हते. त्या म्हणाल्या, "असं हाय काय! मंग लढ." आणि काठी टेकत निघून गेल्या.

त्या क्षणी मला समजले. पण समजणे आणि मान्य करणे यांच्यामध्ये मुख्याध्यापक बसलेला असतो. लवकरच तपासणी होती. कुलूप काढले तर फरशा पांढऱ्या राहणार नाहीत, टाकीत पाणी कोण चढवणार, असे अनेक योग्य प्रश्न माझ्यापाशी होते.

मतदान झाले. मी गुप्त मतदानाचे महत्त्व पंधरा मिनिटे समजावले; पहिली मतदार पहिलीतली मुलगी आडोशात गेली आणि आतून ओरडली, "सर, चावीले दाबलं! बरोबर हाय ना?" प्रज्ञा तीन मतांनी निवडून आली. गजूने लगेच येऊन सांगितले, "सर, बरं झालं. जिकलो असतो तं काम करा लागलं असतं."

शपथविधीनंतर मी प्रत्येक खात्याची कर्तव्ये लिहून भिंतीवर लावली. शब्द माझेच होते: 'स्वच्छतामंत्री शाळेतील सर्व स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी व कचरापेटी यांची नियमित देखरेख करील.' दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मंत्री हजर.

"सर, देखरेख कराची हाय. चावी द्या."

"अगं, ती स्वच्छच आहेत. नोंदवही पाहा."

"वही नाही पाहाची सर. संडास पाहाचा हाय."

मी तपासणीचे कारण सांगितले. ती परत गेली आणि शनिवारी तिने मंत्रिमंडळाची बैठक बोलावली. बैठक कशी घ्यावी, ठराव कसा लिहावा, सूचक आणि अनुमोदक म्हणजे काय, हे सर्व मीच शिकवले होते. ठराव माझ्या टेबलावर आला: 'मुलींच्या संडासची चावी सरांजवळ न ठेवता दाराजवळ खिळ्याला टांगावी. सूचक प्रज्ञा. अनुमोदक भोजनमंत्री.' खाली आठ सह्या. क्रीडामंत्र्याने सहीखाली चेंडू काढला होता.

मी ठराव दोनदा वाचला, लेखणी उघडली आणि समासात लिहिले, 'विचाराधीन'.

मुले वही घेऊन बाहेर गेली. खिडकीतून मला ऐकू आले. भोजनमंत्र्याने विचारले, "काकू, विचाराधीन म्हंजे काय व?"

गोदाबाई तांदूळ निवडत होत्या. "म्हंजे नाही म्हनाचं," त्या म्हणाल्या, "पन खुर्चीवर बसून."

पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आल्या. तालुक्यातल्या अनेक शाळांवर देखरेख करणारे हे पद; आधीचे सगळे अधिकारी पुरुष होते, या पहिल्याच मॅडम. सकाळपासून दोन शाळा करून, खड्ड्यांच्या रस्त्याने त्या अकरा वाजता पोहोचल्या. मी हार, चहा आणि नोंदवह्या यांचा क्रम ठरवून ठेवला होता. मॅडमनी चहाला हात लावला नाही. गोदाबाईंना जवळ बोलावून त्या हळूच काहीतरी बोलल्या.

गोदाबाईंनी मोठ्याने सांगितले, "सर, चावी द्या."

मी अभिमानाने जुडगे काढले. अखेर माझ्या पांढऱ्या फरशांना योग्य प्रेक्षक लाभत होता! मी स्वतः पुढे झालो. चावी कुलपात घातली. ती फिरेना. उलटी फिरवली. फिरेना. दोन पावसाळे त्या कुलपावरून गेले होते आणि ते आतून गंजून एकजीव झाले होते. मी जोर लावला. चावीचे तोंड कुलपात राहिले आणि मूठ माझ्या हातात आली.

सगळी शाळा ओट्यावर उभी होती. गजू म्हणाला, "सर, विचाराधीन करा."

मुलांच्या स्वच्छतागृहाचे कुलूपही तसेच निघाले. मॅडमचा चेहरा पाहून गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. मग प्रज्ञा पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, चला. आमच्या घरी हाय."

नाल्याच्या अलीकडे कोणाचे घर उघडे नव्हते; माणसे शेतात होती. मॅडम निघाल्या. खांद्याला पर्स, हातात चपला, पुढे पाचवीतली मुलगी. त्या नाल्यात उतरल्या, बांधावर चढल्या, वळसा घालून दिसेनाशा झाल्या. मी ओट्यावरून पाहत होतो. हीच वाट, हीच मुलगी, रोज. फरक एवढाच की आज तिच्यामागे माझा गोपनीय अहवाल लिहिणारे माणूस चालत होते.

त्यांना परतायला पाऊण तास लागला. आजींनी चहा पाजला होता, आणि नुसता चहा पाजला नसावा. मॅडमनी आल्याबरोबर स्वच्छतागृहाची नोंदवही मागितली. एकेक पान उलटत त्या वाचत गेल्या: "स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ." मग विचारले, "सर, हे कोणी तपासलं?"

"मी."

"कधी उघडून?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की उत्तर येत नसेल तर गप्प उभे राहावे, काहीतरी ठोकून देऊ नये. मी गप्प उभा राहिलो. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मुलांच्या ठरावाची वही उघडली, समासातला माझा शब्द पाहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी 'विचाराधीन' खोडून 'मंजूर' लिहिले.

कुलूप मीच फोडले. गोदाबाईंनी खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. गजू बाजूला उभा राहून सूचना देत होता. दार उघडले. माझ्या स्वच्छ स्वच्छतागृहात कोळ्यांची भरगच्च ग्रामसभा चालू होती. भांड्यात पालापाचोळा, टाकीतून थेंब नाही. स्वच्छतामंत्र्याने खात्याचा कारभार हाती घेतला. आजींचा शब्द मला आठवत होता, म्हणून झाडू पहिल्यांदा मी उचलला, दुसरा गजूच्या हाती दिला. "सर, मी तं हारलो ना," तो म्हणाला. प्रज्ञाने त्याला सांगितले, "हारलेल्यानं पानी भराचं असते बे. भर." त्या नियमाला पुस्तकात आधार नाही, पण तो पुढे वर्षभर पाळला गेला. खिळा मी मुलींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठोकला. त्या दुपारी मुलींची जी रांग लागली, ती पाहून मला सकाळी न प्यालेल्या पाण्याचा हिशेब कळला.

परीक्षेचे सांगून टाकतो. फेब्रुवारीत प्रज्ञा परीक्षेला बसली आणि शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव आले नाही. निकालाच्या दिवशी तिने सोडून दिलेले प्रश्न मला दाखवले. बहुतेक त्याच धड्यांवरचे होते, जे मी ती नसताना दुपारी शिकवले होते. मी नंतर घेतलेले जास्तीचे तास त्यांना पुरले नाहीत. आज ती मंगरुळपीरला अकरावीत आहे, उत्तम चालले आहे, आणि मला कोणी दोष देत नाही. परंतु माझ्या विषयातला 'समान संधी' हा धडा मी त्यानंतर जेव्हा जेव्हा शिकवला, तेव्हा माझा आवाज पूर्वीसारखा ठाम राहिला नाही.

मला मात्र सांगायचे आहे ते कुलूप फोडले त्या दिवसाचे. मॅडमची गाडी गेली, तीन वाजले, जादा तासाची मुले बसली. प्रज्ञा दारात उभी.

"सर, येऊ?"

"ये."

मी यादी उघडली आणि शेवटच्या नावाखाली तिचे नाव लिहिले. ती वाकून पाहत होती.

"सर, खाली काहून लिवलं? माहं नाव तं पयलं होतं."

"ते खोडलेलं आहे. खोडलेल्या नावावर परत लिहिता येत नाही."

"कोनं खोडलं?"

"मी."

मी ते पान बाजूला केले, नवीन पानावर पट्टीने रकाने आखले आणि सगळी यादी पुन्हा लिहायला घेतली. पहिले नाव प्रज्ञाचे. मग शेऱ्याचा रकाना आला. गेल्या आठवड्यांतल्या दुपारच्या फुल्या खऱ्या होत्या. त्या मला पुसता येत नव्हत्या. त्यांच्यापुढे कारण लिहिणे माझ्या हाती होते. तीस-बत्तीस वर्षांत मी मुलांबद्दल हजारो शेरे लिहिले असतील. या वेळी लिहिले: 'दुपारी गैरहजर. कारण: मुख्याध्यापकाने स्वच्छतागृह बंद ठेवले होते.' आणि खाली सही केली.

प्रज्ञाने ते बोट ठेवून, अक्षर लावत पूर्ण वाचले.

"हे तुमाले मॅडमनं लिवाले लावलं?"

"नाही."

तिने आणखी एकदा वाचले. मग बाकावर जाऊन बसली, वही काढली आणि कोरे पान उघडले.

"मंग करा सुरू, सर," ती म्हणाली. "लय दिवसाचं राह्यलं हाय."